अर्धा कार्डिओग्राम

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडून नेहमी चुकतं आणि अक्षर तर कोंबडी नाचल्यासारखं आहे. वाचणाऱ्याने राग मानू नये. हे तोंडाने सांगायला मला कधीच जमलं नसतं. चार बायका बोलत बसल्या की मी दाराशी बसते आणि नुसती ऐकते. म्हणून लिहायला घेतलं. माझ्यासारखं दुखणं जिला होईल आणि जी माझ्यासारखीच लाजेल, तिच्यासाठी हे आहे.

"मावशी, हा हार्ट अटॅक आहे," शहापूरचे डॉक्टर म्हणाले. त्यांच्या हातात गुलाबी चौकड्यांचा लांब कागद होता. त्यालाच ईसीजी म्हणतात, आमच्याकडे कार्डिओग्राम किंवा नुसतं पट्टी म्हणतात. "आणि हा आत्ताचा नाही. कालपासून सुरू आहे. काल कुठे दाखवलं होतं का?"

मी पिशवीतून आदल्या दिवशीचा कागद काढून दिला. त्यांनी तो पाहिला, उलटा केला, परत सुलटा केला.

"बाकीचा कुठे आहे?"

"एवढाच आहे."

"छातीवरचा काढलाच नाही?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. माझ्या जागी माझ्या विहीणबाई बोलल्या. "लाजल्या आसतील, डॉक्टर. आत्ता बी किती लाजल्या, बगितलंत ना."

मग झालेलं सगळं पहिल्यापासून सांगते.

मी मुरबाडच्या पुढे एका आश्रमशाळेत स्वयंपाक करते. डोंगरातल्या गावांची मुलं तिथे राहून शिकतात. रंजना, माझी एकुलती एक मुलगी, लहान असतानाच तिचे वडील तापाने गेले. तेव्हापासून मी शाळेतच, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत राहते. रंजनाला शहापूर तालुक्यात शेणव्याच्या जवळ दिली आहे. जावई आसनगावहून पहाटेची गाडी धरून कंपनीत जातात. घर चांगलं आहे. त्या घरचा कारभार विहीणबाई चालवतात. बोलायला फटकळ. त्यांच्यासमोर मला नेहमी दबल्यासारखं व्हायचं.

दुखायला लागलं ते दोन हजार सालाच्या आसपास, हिवाळ्यात. भाताचं मोठं पातेलं चुलीवरून उतरवताना किंवा विहिरीचा चढ चढताना माझा जबडा दुखायचा. छाती नाही, जबडा. डावीकडची दाढ किडली असेल म्हणून मी लवंग धरायची. थोडं टेकलं की दुखणं जायचं. मला वाटायचं, लवंगेने गेलं. कधी कधी दोन खांद्यांच्या मध्ये कोणीतरी मूठ दाबून धरल्यासारखं व्हायचं. तेही बसलं की जायचं.

काम करताना दुखतं आणि थांबलं की थांबतं, हीच खूण होती. डॉक्टर त्याला अंजायना म्हणतात. हृदयाला रक्त नेणारी नळी आतून अरुंद होते. बसून असलं की तेवढं रक्त पुरतं. काम वाढलं की कमी पडतं आणि हृदय कळ मारून सांगतं. रक्त कमी पडण्याला इस्केमिया म्हणतात. हा शब्द मी पुष्कळ दिवसांनी शिकले. तेव्हा मला फक्त लवंग माहीत होती.

कोणाला सांगितलं नाही. सांगायला होतं कोण? मुलांना काय सांगणार? आणि रंजना पोटुशी होती, तिला सांगितलं असतं तर तिच्या जिवाला घोर लागला असता.

एप्रिलच्या शेवटी, परीक्षा संपत आल्या होत्या. सकाळची भाजी फोडणीला टाकली आणि दरदरून घाम फुटला. उन्हाळ्याचा घाम वेगळा असतो. हा गार होता. उलटी झाली. जबडा, मान, पाठ सगळं एकदम आवळलं आणि या वेळी टेकल्यावर थांबलं नाही. शाळेच्या अधीक्षक सरांनी मला जीपमध्ये बसवून मुरबाडला एका दवाखान्यात पाठवलं. सोबत आलेला शिपाई मला बाकावर बसवून परत गेला. त्याला मुलांना वाढायचं होतं. मीच जा म्हणाले.

तिथे कार्डिओग्राम काढणारे भाऊ माझ्या ओळखीचे निघाले. त्यांच्या दोन मुली आमच्या शाळेत शिकत होत्या. त्या माझ्या हातचं जेवत. मला बघून ते उठून उभे राहिले. आत नेलं, झोपायला सांगितलं, हातापायांना गार चिकट मलम लावून चिमटे लावले. मग छातीला चिकटवायचे रबरी फुगे हातात घेऊन म्हणाले, "मावशी, ब्लाऊज जरा..."

पुढचं ते बोललेच नाहीत. मी पदर दोन्ही मुठींत घट्ट धरला होता. खोलीत दुसरी बाई नव्हती. दाराला नुसता अर्धा पडदा होता आणि बाहेर माणसं बसली होती. नवऱ्याशिवाय कोणा पुरुषासमोर माझ्या अंगावरचा पदर कधी ढळला नव्हता.

ते भाऊ माझ्यापेक्षा जास्त लाजले. भिंतीकडे बघून म्हणाले, "राहू द्या मावशी. हातापायाचं घेतो. त्यात दिसतंच."

त्यांनी माझा मान ठेवला. मला तेव्हा इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टर घाईत होते. कागद बघून म्हणाले, तसं काही दिसत नाही, गॅस वरती चढला असेल. गॅसचं औषध आणि एक इंजेक्शन दिलं. दुखणं जरा खाली बसलं. मी जीप धरून शाळेत परत आले आणि संध्याकाळची आमटी बसल्या बसल्या केली.

दुसऱ्या दिवशी रंजनाची ओटी भरायची होती. आईने जायलाच हवं. हिरवी साडी, खण, नारळ, पाच फळं सगळं घेऊन ठेवलं होतं. रात्रभर पाठ दुखत होती, तरी मी सकाळी निघाले. सरळगावला गाडी बदलली, पुढे किन्हवलीवरून शेणव्याला. गाडीत पिशवी मांडीवर धरायलाही जोर नव्हता. ती पायाशी ठेवली आणि वाटभर तिच्यातला नारळ गडगडू नये म्हणून दोन्ही पायांत आवळून धरली.

आमच्याकडे जुन्या चालीच्या बायका मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. मीही पाळत होते. रंजनाचं लग्न झाल्यापासून त्या घरात मी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. त्या दिवशी अंगणात पाय ठेवला तेव्हा घशाला कोरड पडली होती, पण मी मागितलं नाही. बायका जमल्या होत्या. रंजना पाटावर बसली होती. तिच्या कपाळाला कुंकू लावायला मी हात उचलला आणि हात वरच राहिला. खाली बसले.

विहीणबाई आल्या, माझ्या गालाला हात लावून बघितला. "या बाईचं आंग मेल्या मानसागत गार हाय!" त्या ओरडल्या. पाण्याचा तांब्या पुढे केला. मी मान हलवली.

"पानी नाय प्यायचं तं नका पिऊ. पन माज्या दारात मरू बी नका. सुनेचा सातवा हाय."

कोणी हसलं. मलाही हसू आलं असतं, पण श्वास पुरत नव्हता. त्यांनी ओटीचा कार्यक्रम आपल्या जावेवर टाकला, गावातली एक जीप थांबवली आणि मला घेऊन शहापूरला आल्या. निघताना दोरीवरची वाळत घातलेली चादर का कोण जाणे त्यांनी ओढून बरोबर घेतली. माझ्या पायांवर टाकायला असेल.

तीच चादर उपयोगी आली. तिथेही कार्डिओग्राम काढणारा पुरुषच होता. मी परत पदर धरला. विहीणबाईंनी चादरीची दोन टोकं धरून माझ्या आणि दाराच्या मध्ये पडदा केला, तोंड फिरवून उभ्या राहिल्या आणि तिकडूनच म्हणाल्या, "सोडा तो पदर. तुमची छाती बगायला हितं कोनाला येळ हाय? त्यांनी सकाळपासून दहा जनींच्या बगितल्या आसतील."

त्या माणसाने पदराच्या खालूनच एकेक फुगा लावला. सहा फुगे, छातीच्या हाडापासून डाव्या काखेपर्यंत. त्याने माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. सगळं मिळून चहाला उकळी येण्याइतकाही वेळ लागला नाही. एवढ्यासाठी मी आदला दिवस घालवला होता.

त्या कागदावर ते दिसलं. डॉक्टरांनी विहीणबाईंना दाखवलं, "ही रेघ बघा. एसटी वर गेलीय." मला आमची मुरबाडची एसटी आठवली. इतक्या दुखण्यातही डोक्यात काहीही येतं.

ते म्हणाले, रक्ताच्या गाठीने नळी बंद झाली आहे. गाठ विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या काही तासांत द्यायचं असतं. जितकं लवकर तितका स्नायू वाचतो. "काल कळलं असतं तर दिलं असतं," ते म्हणाले. रागाने नाही म्हणाले. आता कल्याणला आयसीयूमध्ये ठेवावं लागेल, वाटेत काहीही होऊ शकतं, असंही सांगितलं.

जिभेखाली एक गोळी ठेवली, चावून खायला दुसरी दिली. रुग्णवाहिकेत विहीणबाई माझ्या पायाशी बसल्या. कल्याणच्या हॉस्पिटलात पैसे भरल्याशिवाय दाखल करेनात. त्यांनी कनवटीला हात घातला. म्हैस घ्यायला ठेवलेले पैसे होते. ओटी झाली की संध्याकाळी सौदा करायला जाणार होत्या, म्हणून जवळच होते. माझ्यासमोर त्यांनी ते दिले. मी डोळे मिटून घेतले. मुलीच्या घरचं पाणी न पिणारी बाई मुलीच्या घरच्या पैशांवर खाटेवर निजली होती.

रात्री त्या घरी गेल्या. रंजनाला एकटं ठेवता येत नव्हतं आणि गर्भार बाईला हॉस्पिटलात आणायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं. ते बरोबरच होतं.

आयसीयूचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. तिथे दिवस कधी झाला ते कळत नाही, दिवे सारखे चालूच असतात. भेटायच्या वेळेला काचेबाहेर माणसं येत. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना बघायला इतके नातेवाईक येत की नर्स ओरडत. माझ्या काचेसमोर कोणी नसे. मी मुद्दाम कूस बदलून झोपल्यासारखं करायची, म्हणजे नर्सला माझी कीव यायला नको. एकदा तिने विचारलं, "आजी, तुमचं कोणी येणार आहे का?" मी म्हणाले, येतील की, लांब राहतात. तेव्हा माझं वय आजी म्हणण्यासारखंही नव्हतं.

डोक्याशी मशीन होतं. त्यात हिरवी रेघ पळायची आणि टुक टुक वाजायचं. सुरुवातीला भीती वाटली. मग त्याची सोबत वाटायला लागली. बाकी कोणी माझ्याशी इतकं सारखं बोलत नव्हतं.

रोज सकाळी कार्डिओग्राम काढत. कल्याणच्या डॉक्टर मॅडम होत्या, माझ्या रंजनाहून थोड्या मोठ्या. त्यांना मी एवढंच विचारलं, की मशीनमधली वीज अंगात जाते का. त्या माझ्या खाटेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "नाही मावशी. वीज तुमच्याच हृदयात असते. प्रत्येक ठोक्याला बारीकशी फिरते. मशीन काही सोडत नाही, नुसतं ऐकतं आणि कागदावर लिहितं."

"मग पहिल्या दिवशी का नाही लिहिलं?"

"हातापायांच्या चिमट्यांनी हृदय बाजूने आणि खालून दिसतं. छातीवरच्या सहा फुग्यांनी समोरून दिसतं. तुमचं समोरचंच बिघडलं होतं. घराच्या पुढच्या ओसरीवर आग लागलीय आणि माणूस मागच्या पडवीतून बघून सांगतो, सगळं ठीक आहे. तो खोटं बोलत नाही. पण त्याने पुढून बघितलंच नाही ना."

त्यांनी मला कागदावर रेघ दाखवली. आमच्या शाळेच्या अंगणातून डोंगराची रांग दिसते, तशीच ती मला दिसली. आधी छोटा उंचवटा, मग एकदम सुळका, मग सपाटी, मग एक गोल टेकडी. चांगल्या हृदयात सुळक्यानंतरची सपाटी, म्हणजे तीच एसटी, खाली जमिनीला असते. माझ्या पहिल्या दिवसांच्या कागदांवर ती सपाटी वर उचललेली होती, सुळक्याच्या खांद्यालाच टेकडी चिकटली होती. पुढच्या दिवसांत ती खाली आली. पण समोरून काढलेल्या रेघांमधले सुळके गेले. तिथे खड्डा उरला.

"तेवढा स्नायू मेला आहे," मॅडम म्हणाल्या. "तो परत यायचा नाही. उरलेल्यावर तुम्ही पुष्कळ वर्षं जगाल. औषध मात्र सोडायचं नाही."

रक्ताची तपासणीही करत, मेलेल्या स्नायूतून रक्तात काय उतरलं ते बघायला. मग टूडी इको झाला. त्यात छातीवर मलम लावून एक यंत्र फिरवतात आणि हृदय पडद्यावर हलताना दिसतं. तेव्हा मी स्वतःहून पदर बाजूला केला. पुढची भिंत नीट हलत नव्हती. मीच बघितलं. एका बाजूने हृदय दाबलं जात होतं आणि दुसरी बाजू नुसती उभी होती, कामाला आलेल्या पण कंटाळलेल्या बाईसारखी.

फुग्यांचे गोल लाल डाग छातीवर राहत. मी ते पदराने झाकून ठेवायची. आता लाजून नाही. एकटीने बघायची. रोजचे नवे डाग म्हणजे रोज कोणीतरी माझ्या हृदयाची चौकशी केली, असं वाटायचं.

सोडायच्या दिवशी विहीणबाई आल्या. म्हणाल्या, "चला आमच्याकं. महिनाभर पडून ऱ्हावा."

मी नको म्हणाले. अजून रंजना मोकळी झाली नव्हती, आणि वर त्यांचे पैसे. मला त्या घरात पडून राहणं जमलं नसतं.

त्यांनी माझी पिशवी उचलली. "हृदय आर्धं मेलं, पन हट्ट पुरा जिता हाय," म्हणाल्या आणि मला शाळेत सोडून गेल्या.

मे महिना होता. मुलं सुट्टीला घरी गेली होती. मोठ्या चुली थंड, पातेली उपडी घातलेली. एरवी त्या शाळेत इतका गोंगाट की डोकं उठतं. आता पिंपळाचं पान पडलं तरी ऐकू यायचं. सर सकाळी एकदा डोकावून जात. बाकी दिवसभर मी, आणि माझा श्वास. मी तो ऐकत बसायची. जरा वेगळा वाटला की पदराची गाठ चाचपायची. जिभेखालच्या गोळ्या तिथे बांधलेल्या असत. सॉर्बिट्रेट नाव. नळ्या थोड्या सैल करते आणि कळ थांबवते. खोलीची कडी मी लावत नसे. काही झालं तर दार फोडायला लागू नये, म्हणून. पण येणार कोण, हा विचार मी करत नसे.

एका दुपारी दुखणं आलंच. कपडे पिळताना जबडा दुखायला लागला. मी गोळी ठेवली, भिंतीला टेकून बसले. थोडं कमी झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एका गोळीने पूर्ण थांबलं नाही तर घरात बसायचं नाही. मी दुसरी गोळी ठेवली, विहीणबाईंची माझ्याकडेच राहिलेली चादर पिशवीत घातली, कल्याणचे कार्डिओग्राम घेतले आणि सरांना हाक मारली. त्यांनी रस्त्यावर येऊन जीप थांबवली आणि मुरबाडपर्यंत बरोबर आले.

सगळ्यात जवळ तोच दवाखाना होता. तेच भाऊ. मला बघून त्यांचा चेहरा पडला. त्यांच्यापर्यंत सगळं पोचलं होतं. त्यांनी चिमटे लावले आणि फुगे हातात घेऊन थांबले.

मी आयुष्यात कोणा परक्या पुरुषाला काही कर असं सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. "सगळा काढा भाऊ. छातीचा पण."

मी पिशवीतून चादर काढली. त्यांनी दवाखाना झाडणाऱ्या बाईला हाक मारली, तिने ती धरली. त्यांनी सहाही फुगे लावले, नीट, एकेक जागा बोटाने मोजून. कागद बाहेर येत असताना ते हळूच म्हणाले, "मावशी, त्या दिवशी माज्यामुळं झालं."

मला खूप बोलायचं होतं. की तुम्ही माझा मान ठेवलात, तुमच्यासारखी चांगली माणसं नाहीत, मीच पदर धरला होता. पण मी म्हणाले, "पोरी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या हायत," ते म्हणाले.

डॉक्टरांनी नवा कागद आणि कल्याणचा कागद शेजारी शेजारी ठेवले. जुना कागद नसता तर फार अवघड झालं असतं, असं तेच म्हणाले. माझे जुने खड्डे बघून नवा अटॅक समजले असते, किंवा नवा असता तरी जुना समजले असते. या वेळी सपाटी वर गेलेली नव्हती, खाली दबली होती. म्हणजे रक्त कमी पडत होतं, पण बंद झालं नव्हतं. मला तिथेच झोपवून ठेवलं. कळ पूर्ण थांबल्यावर परत काढला, संध्याकाळी आणखी एकदा. रेघ आपल्या जागी आली होती. रक्त तपासायला पाठवलं, तेही ठीक आलं. कल्याणला फोन करून गोळ्या वाढवल्या.

म्हणून माझ्या बहिणींना सांगते. एक कागद चांगला आला म्हणजे सगळं चांगलं, असं नसतं. कळ थांबलेली असताना काढला तर कागद साफ येतो. दुखणं परत आलं तर परत काढायला सांगा. छातीवरचा काढल्याशिवाय उठू नका. बाई नसेल तर बाई बोलवा म्हणावं, चादर घरून न्यावी. आणि जुने कागद टाकू नका. ते पुसट होत जातात, म्हणून झेरॉक्स काढून ठेवा.

जूनमध्ये मुलं परत आली. सरांनी मला तांदूळ निवडायला आणि भाकरीला बसवलं, पातेली उचलायला दुसरी बाई ठेवली. श्रावणात रंजनाला मुलगा झाला. पुढे कल्याणला स्ट्रेस टेस्ट झाली. त्यात मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर चालायला लावतात आणि चालता चालता कार्डिओग्राम काढतात, म्हणजे कामाच्या वेळी रक्त पुरतं का ते कळतं. साडी वर खोचून मी चालले. मॅडम म्हणाल्या, तूर्त औषधांवर भागेल, जोराचं काम नको.

दर वर्षी पट्टी काढायची ठरली. विहीणबाई दर वर्षी आल्या. शेणव्याहून एवढ्या लांब, चादर धरायला. प्रत्येक वेळी तेच म्हणायच्या, "आटपा लवकर, माजं हात दुकतात." कागदावर तो खड्डा तिथेच असतो. मीही आता त्याला ओळखते.

पगारातून जमेल तसे पैसे मी त्यांना देत गेले. पैसे द्यायला म्हणून रंजनाकडे जायची, नातवाला घ्यायची, परत यायची. मूल झालं, आता तरी पाणी प्या, असं सगळे म्हणत. मी म्हणायची, पैसे फिटू देत. ते माझं मीच ठरवलेलं होतं. विहीणबाईंनी एकदाही पैशांचा विषय काढला नाही. वर्षं गेली. नातू शाळेत जायला लागला.

शेवटचे पैसे घेऊन गेले तेव्हा भात झोडून झालं होतं. गाडीत मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात दुसरंच येत होतं, की उद्यापासून इकडे यायला कारण काय. नातू खेळायला गेला की माझ्याकडे बघतही नाही. रंजनाला तिचा संसार. फक्त माझे पैसे तेवढे दर वेळी मला आणत होते.

विहीणबाई अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. मी पैसे त्यांच्या हातात दिले. "आता सगळे झाले. मोजून घ्या."

त्यांनी न मोजता कनवटीला खोचले. रंजनाने सवयीने एकच कप चहा आणून सासूसमोर ठेवला. विहीणबाईंनी तो माझ्यापुढे सरकवला.

"घ्या. आता कंचा उपास हाय?"

मी कप उचलला. दूध पिशवीचं होतं. म्हैस काही त्यांनी अजून घेतली नव्हती.

"आता बगते एकादी म्हैस," त्या सूप पाखडत म्हणाल्या. "पन दूद काडायला मी एकलीच हाय. तुमी मुलांना सुट्टी लागली का यायचं हितं ऱ्हायला. आन पट्टीचा म्हैना कळवायचा. पैसं फिटलं म्हनून चादर कोनी दुसरी धरंल, आसं वाटून घ्यू नका."

मी चहा प्यायले, सगळा. कप खाली ठेवला. पैसे पुरते फिटले होते.